पान तेवीसवरचं निळं झाकण

४ नोव्हेंबर

'हातोडी' या मालिकेच्या चित्रकारास,

चित्रकथा वाचणाऱ्या आपल्या सगळ्यांची एक जुनी तक्रार आहे. आपल्याला कुणी वाचक समजत नाही. आपण नुसते चाळणारे. हातात अंक दिसला की लोक विचारतात, "अजून चित्रंच बघतोस का रे?" आणि चित्रं बघणाऱ्याला काहीही दिलं तरी खपतं, असं छापणाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. मी म्हणते, नाही खपणार! आम्ही बघतो म्हणजे आंधळे नाही.

हे मी काल वाचक मंडळाच्या सभेत बोलले. टाळ्या पडल्या. तुझ्या कानावर गेलंच असेल, म्हणून पत्राची सुरुवात तिथूनच केली. सात वर्षांनी तुला पहिलं पत्र लिहिते आहे, तेही नियम आहे म्हणून. मंडळ दरवर्षी कुठल्याही मालिकेतला एकच अंक निवडतं. निवडलेला अंक पक्क्या बांधणीत पुन्हा छापून गावोगावच्या वाचनालयांत ठेवला जातो. म्हणजे त्यात जे आहे, ते कायमचं राहतं. यंदा शेवटपर्यंत टिकलेला अंक एकच, तुझा एकशे एक्केचाळिसावा. परीक्षक तिघं. निवृत्त चित्रकला मास्तर, चित्रकथा भाड्याने देणारा दुकानदार आणि मी. विरोधात मत असेल तर परीक्षकाने ते चित्रकाराला आधी लेखी कळवायचं. चित्रकाराला वाटलं तर त्याने आठ दिवसांत मूळ पानं पाठवायची, कारण छपाईत चित्रावर अन्याय होऊ शकतो.

माझं मत विरोधात आहे. कळवते.

आधी चांगलं. पान पाच ते नऊ, पत्र्याच्या छपरांवरचा पाठलाग. हातोडी, तुझी ती मुखवटा घातलेली लोहाराची मुलगी, सहाव्या पानावर उडी मारते आणि आठव्यावर खाली पोचते. मधलं अख्खं सातवं पान नुसती हवा. एवढी हिंमत या धंद्यात कुणात नाही. मास्तर ते पान बघून खुर्चीवरून उठले होते. दुकानदाराचं म्हणणं वेगळं. "चोवीस पानांत हातोडा दोनदाच चालतो. गिऱ्हाईक मला शिव्या घालील. माझं मत नाही." म्हणजे एक बाजूने, एक विरुद्ध. पारडं माझ्या हातात आहे.

आता वाईट. सोळाव्या पानापासून गोष्ट एका छापखान्यात शिरते. तिथे संप चालू आहे. संपाची पुढारी एक बाई, तिचं नाव तू ठेवलंस 'भोंगा'. तिच्या चष्म्याच्या डाव्या दांडीला दोरा गुंडाळलेला आहे. माझ्याही आहे. ती बोलताना उजवी टाच उचलते. मीही उचलते, असं आई सांगायची. मला भोंगा म्हणणारा पहिला माणूस छापखान्याचा मालक, तुझा प्रकाशक. त्याचा शब्द तू उचललास. आणि तेवीसाव्या पानावर ही बाई मालकाच्या खोलीत करारावर सही करते, तेव्हा तिच्या तोंडच्या फुग्यात काय आहे? "अकरा बाया गेल्या खड्ड्यात! माझं नाव तर झालं!"

चोवीसाव्या पानावर हातोडी तिचा भोंगा फोडते आणि गर्दी हसते.

गेल्या आठवड्यात भाजीवालीने मला विचारलं, "ताई, त्या पुस्तकातल्या तुम्हीच का हो?" मी म्हटलं, "नाक बघ आणि तूच ठरव." ती हसली. मी हसले नाही.

तर ऐक. मी चालवलेला खरा संप एकेचाळीस दिवस चालला. चारशे माणसं परत कामावर गेली. बांधणीखात्यातल्या अकरा बायका गेल्या नाहीत. त्या आपणहून काम सोडून गेल्या. हे मी सात वर्षं प्रत्येक सभेत सांगितलं आहे आणि तुलाही लेखी सांगते. तुझा तो फुगा म्हणजे धडधडीत खोटं आहे आणि खोटं पक्क्या बांधणीत जाऊ देणार नाही.

कळावे.
परीक्षक क्रमांक तीन

ता. क. उत्तर मंडळाच्या पत्त्यावर द्यावं. घरचा पत्ता तोच आहे, पण त्याचा तुला उपयोग नाही.


९ नोव्हेंबर

पेन्सिल्या,

पानं पोचली. सोबतची चिठ्ठीही पोचली. "नियमाप्रमाणे चोवीस पानं पाठवली आहेत. पुठ्ठे परत करावेत." सात वर्षांनी भावाकडून एवढंच. पुठ्ठे परत करीन, काळजी नको.

काल आम्ही तिघांनी ती वाचनालयाच्या लांब टेबलावर मांडली. मास्तरांनी सगळ्यांना हात मागे बांधायला लावले, अगदी वर्गात लावायचे तसे.

"परीक्षकाने मूळ पानाला हात लावायचा नाही. फक्त मी उलटणार, तेही रुमाल धरून."

"आणि शिंक आली तर?" दुकानदाराने विचारलं.

"बाहेर जाऊन."

"अहो मास्तर, माझ्या दुकानात या पुस्तकांवर पोरं चहा सांडतात."

"म्हणूनच तुम्हाला हात मागे बांधायला सांगितलंय."

मूळ पान मी फार वर्षांनी बघितलं. मोठं असतं ते, हे विसरले होते. छापलेल्याच्या जवळजवळ दुप्पट. शाईच्या रेषेखाली तुझी फिकट निळी पेन्सिल तशीच होती. छपाईच्या कॅमेऱ्याला ती दिसत नाही म्हणून तू कधी खोडायचा नाहीस. पहिल्या तीस अंकांचे शब्द मी लिहायचे, तेव्हा ती निळी पेन्सिल म्हणजे तुझं माझ्याशी बोलणं असायचं. "ताई, इथे दोनच शब्द." "ताई, हा पळतोय, भाषण कसलं करतोय?" एका पानावर तर, "ताई, दम घे."

आणि जिथे तुला एकही शब्द नको असायचा, तिथे समासात एक झाकण काढायचास. भांड्यावरचं, वर गोल मूठ असलेलं. म्हणजे तोंड बंद. मी चिडायचे. तू म्हणायचास, "उतू जातेस, म्हणून झाकण."

मास्तरांनी तेवीसावं पान ठेवलं. खिडकीतून उजेड तिरका येत होता. त्या फुग्याचा कागद वेगळा आहे हे मला लगेच दिसलं. पांढरा नाही, पिवळट. अक्षरं तुमच्या नेहमीच्या अक्षरवाल्याची नाहीत, 'ड'ची शेपूट वेगळी आहे. पट्टी कापून वरून चिकटवली आहे. वरच्या कोपऱ्यात गोंद सुटला आहे आणि तिथे, समासात, अर्धं पट्टीखाली आणि अर्धं बाहेर, निळी गोल मूठ आहे.

झाकण.

मी मास्तरांना म्हटलं, "पान जरा उभं धरा खिडकीसमोर."

"का?"

"धरा हो."

उजेड आरपार आला. पट्टी चिकटवली आहे ती मालकाच्या खोलीच्या काचेवर. त्या काचेतून पलीकडचं बांधणीखातं दिसतं. लांब टेबल, आणि टेबलावर उलटी ठेवलेली स्टुलं, पाय वर. मी पाय मोजले. दुकानदाराने मोजले. मास्तरांनी दोनदा मोजले. चव्वेचाळीस.

म्हणजे तू ते पान मुकं काढलं होतंस. एक बाई सही करते आहे आणि तिच्या मागे काचेपलीकडे अकरा स्टुलं उलटी आहेत. बस. त्या स्टुलांवर कुणीतरी ती दोन वाक्यं डकवली.

दुकानदाराने पाय पुन्हा एकदा मोजले. मग म्हणाला, "हे असं छापलं असतं तर मीही मत दिलं असतं. हातोडा एकदाही चालला नसता तरी."

मी तोंडावर पडले, पेन्सिल्या. पत्रात मी ज्याला खोटं म्हटलं ते तुझं नव्हतं. आम्ही आंधळे नाही, असं ओरडून सांगितलं आणि छापलेलं बघून मोकळी झाले. ज्या माणसाची निळी पेन्सिल मी तीस अंक वाचली, त्याच्याबद्दल निकाल देताना मूळ पान मागावं हे मला सुचलं नाही. ते तुलाच पाठवावं लागलं.

पण लगेच खूश होऊ नकोस. तुझी सही बघितली मी. पानाच्या उजव्या कडेला, नेहमीची, उतरती. तिचा पहिला अर्धा भाग पट्टीवर आहे आणि दुसरा मूळ कागदावर. म्हणजे पट्टी आधी चिकटली आणि सही नंतर झाली. तू ती दोन वाक्यं वाचलीस, आणि पेन उचललंस.

का?

परीक्षक म्हणून विचारत नाही.


१३ नोव्हेंबर

पेन्सिल्या,

उत्तर आलं नाही. बरं. मीच बोलते, मला त्याची सवय आहे.

परवा सुईबाईकडे गेले होते. आठवते ना? बांधणीखात्यातली सगळ्यांत वयस्क, दोन बोटांत सुई धरून सोळा पानांची जुडी न बघता शिवायची ती. त्या अकरांपैकी एक. आता घरी बसून दप्तरांचे पट्टे शिवून देते. खोली लहान, मशीन खिडकीला लावलेलं, चालायला वाट म्हणजे दप्तरांच्या दोन ढिगांमधली फट. मी दारात उभी राहिले तर मशीन न थांबवता म्हणाली, "ये. सभा कुठे आहे?"

"सभा नाही. तुम्हाला भेटायला आले."

"मला? सात वर्षांनी वाट सापडली होय."

मी अंक एकशे एक्केचाळीस काढला. तिने आधीच वाचला होता. चष्मा कपाळावर ढकलून तिने तेवीसावं पान डोळ्यांजवळ धरलं.

"चित्र बरोबर आहे. तू सही करताना अशीच वाकली होतीस. मी बांधणीखात्यात येऊन काचेतून बघत होते. पण हे बोलणं तुझं नाही."

"कशावरून?"

"तू एवढं थोडक्यात कधी बोललीस?"

मला हसू आलं. तिला आलं नाही. मशीन थांबवून ती माझ्याकडे वळली.

"तू आम्हाला विकलं नाहीस, अगं. ते मी कुणालाही सांगेन. पण सभेत उभी राहून सांगतेस ना, त्या आपणहून गेल्या म्हणून? मग एकदा येऊन विचारायचं तरी होतंस, कुठे गेल्या म्हणून."

चारशे माणसांसमोर मला शब्द कमी पडला नाही कधी. त्या दोन ढिगांच्या फटीत पडला.

आता तुला सांगते, आणि ते तुलाच सांगता येतं, कारण तू तिथे होतास. बाराव्या दिवशी पानांची गुंडाळी काखेत मारून तू फाटक ओलांडून आत गेलास. मी कर्ण्यातून, चारशे माणसांसमोर, स्वतःच्या भावाला घरभेदी म्हटलं. तू मागे वळून एवढंच म्हणालास, "ताई, पोरं अंकाची वाट बघतायत." लोकांनी हुर्यो केली. मी ती थांबवली नाही. त्यानंतर तू घरी आला नाहीस.

मालकाने तुझं टेबल स्वतःच्या खोलीला लागून मांडलं होतं, काचेच्या अलीकडे. एकेचाळीसाव्या दिवशी मी त्या खोलीत गेले तेव्हा तू तिथेच मान खाली घालून बसला होतास. मला वाटलं तू चित्र काढतो आहेस. तू बघत होतास.

करार दोन पानांचा होता. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की बांधणीखात्यासाठी यंत्र येणार असून खालील अकरा कामगारांना परत घेतलं जाणार नाही. खाली अकरा नावं. मालक म्हणाला, "चारशे घरं की अकरा? तुम्ही म्हणाल तसं." बाहेर लोक माझ्या नावाचा घोष करत होते. एकेचाळीस दिवस झाले होते. घशातून आवाज निघत नव्हता. मी डाव्या हाताने कागद दाबून धरला, आणि अंगठा त्या नावांवर होता. अंगठा मी तिथे ठेवला. तो आपोआप गेला नाही. सही केली.

बाहेर येऊन मी चारशेंचं बोलले. अकरांबद्दल कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, त्या आपणहून गेल्या. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा जीभ अडखळली. नंतर नाही.

तुझ्या तेवीसाव्या पानावर त्या बाईचा डावा अंगठा कागदाच्या खालच्या भागावर आहे. नखापर्यंत काढला आहेस. छापलेल्या अंकातही तो आहे. मी दहा वेळा अंक वाचला आणि दोरा गुंडाळलेला चष्मा मला दिसला, उचललेली टाच दिसली, अंगठा दिसला नाही!

मालकाने तो फुगा का चिकटवला हे आता उघड आहे. स्टुलं उलटी कुणी करायला लावली, हे मुकं चित्र विचारतं. फुगा म्हणतो, विचारू नका, बाई हावरट होती. चित्रात दोघं अपराधी होते, सही करणारी आणि त्या काचेच्या खोलीचा मालक. पट्टीने एकाला सोडवलं.

आणि तू सही केलीस, मी केली तशीच. माझा अंगठा होता, तुझी पट्टी. आता आपण दोघंही एकमेकांना काही शिकवू नये.


१५ नोव्हेंबर

पेन्सिल्या,

काल संध्याकाळी तुझं पाकीट आलं, मंडळाच्या नाही, घरच्या पत्त्यावर. आत एकच कागद. निळ्या पेन्सिलने तीन ओळी. "शब्द प्रकाशकाच्या मालकीचे असतात, करारात तसं आहे. सही केली नसती तर मालिका दुसऱ्याकडे गेली असती. हातोडी दुसऱ्याच्या हातात बघवली नसती." खाली झाकण.

तू मला गप्प राहायला सांगतो आहेस. नाही राहणार.

मला तुझी भीती समजते, तिची टिंगल करत नाही. एकोणीस वर्षं तू त्या पोरीचा मुखवटा रोज काढलास. ती गेली तर तुझे हात रिकामे. पण मला सांग, जिचा हातोडा मालकाच्या कुलपांवर चालायचा ती अंक एकशे एक्केचाळीसमध्ये मालकाची पट्टी वागवते, तेव्हा ती तुझ्याकडे आहे कुठे? ती गेली आहे, पेन्सिल्या. तू फक्त तिच्या कडा गिरवतो आहेस.

हे पत्र हातोहात पाठवते आहे, कारण उद्या शनिवार. पाच वाजता वाचनालयात निकाल आहे, सगळ्यांसमोर. मास्तर बाजूने आहेत. दुकानदार म्हणतो, "पट्टीखालच्या पानाला माझं मत, पट्टीवरच्याला नाही." माझंही तेच. मंडळाचा नियम साफ आहे. मूळ पानात बदल फक्त ते काढणारा करू शकतो, आणि निकालाच्या क्षणी पान जसं असेल तसंच छापलं जातं. मास्तरांनी कलमासकट वाचून दाखवलं, तेही दोनदा. पट्टी राहिली तर अंक पडला. आम्हा तिघांपैकी कुणीही तिला बोट लावणार नाही. मालकाला बोलावणं गेलं आहे, तो पहिल्या रांगेत असेल. असू दे. काचेमागे बरेच दिवस बसला.

तुझ्या आधी मी उभी राहीन. त्या आपणहून गेल्या नाहीत, एवढं एक वाक्य बोलेन आणि मग अकरा नावं वाचेन. खरं सांगते, काल लिहायला बसले तर मला आठच आठवली. सही करताना अंगठ्याखाली ठेवलेली नावं, आणि तीन सापडेनात. सुईबाईकडे पुन्हा गेले. तिने सांगितली. म्हणाली, "मीही येते. तू मध्ये भाषण घुसडलंस तर खाली ओढीन." पदर धरून ओढेल ती, मला शंका नाही. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. कर्णा माझ्या हातून कायमचा गेला तरी जाऊ दे. तुझं चोवीसावं पान तसंच ठेव, बदलू नकोस. तो भोंगा फुटायलाच हवा होता.

पट्टीवर तुझी अर्धी सही आहे. पट्टी निघाली की तीही जाईल आणि पानावर नावाची शेपटी तेवढी उरेल. असं पान मी अभिमानाने वाचनालयात ठेवीन. अख्खी सही आपण दोघांनी एकेकदा करून बघितली आहे.

पाच वाजता ये. पान टेबलावर उघडं असेल, कोपऱ्यातला गोंद आधीच सुटला आहे. येताना तुझी पातळ पात्याची सुरी आण, आणि ती पट्टी तुझ्या हाताने काढ.

ताई